रिकामं केलेलं रान

अमेरिकेतली आपली तरुण मंडळी मधुचंद्राचा बेत आखतात तेव्हा दोन नावं निघतातच. यलोस्टोन: पहाटे लामार खोऱ्यात लांडगे, दिवसा डोंगरवाटा, रात्री बायसनचा बेत. नाहीतर टांझानियातलं सेरेंगेटी. दोन्हीकडचं आकर्षण एकच, माणसाचा वावर नसलेलं रान.

पण हा वावर मुद्दाम पुसलेला आहे. 1872 मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढच्या काही वर्षांत तिथले शोशोनी हटवले गेले. 1959 मध्ये सेरेंगेटीतून मासाई गेले. आपल्या ताडोब्यातूनही गावं उठलीच.

मग जाऊ नये का? न गेल्याने कुणाला जमीन परत मिळत नाही. शिवाय 1995 मध्ये कॅनडातून आणलेले लांडगे तिथे टिकले, तेही रान राखल्यामुळेच. जावं, पण वायोमिंगमध्येच शोशोनींचं विंड रिव्हर आहे, एक दिवस तिथेही द्यावा.

यलोस्टोनमध्ये लांडग्यापासून 100 यार्ड दूर राहावं लागतं. एखादी गोष्ट आवडली म्हणून तिच्यावर हक्क मिळत नाही, हे संसाराच्या सुरुवातीलाच कळलेलं बरं.