दोन आयांचा एकच हेतू



आपल्या वार्षिक क्रीडा महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी मी मिस्साच्या हेतूंची वही चाळत होतो. मृतांसाठी, आजाऱ्यांसाठी, लग्नाच्या वाढदिवसाबद्दल उपकारस्तुती, असे नेहमीचे हेतू होते. त्याखाली एका आईने लिहिले होते : माझी मुलगी उद्याच्या ८०० मीटरच्या शर्यतीत पहिली यावी म्हणून. मला कौतुक वाटले. पान उलटले, तर दुसऱ्या एका आईच्या अक्षरात तोच हेतू. शर्यतही तीच, मुलगी तेवढी वेगळी. दोघींनी अर्पणही सारखेच दिले होते, त्यामुळे त्या बाजूनेही निकाल लागत नव्हता!

दुसऱ्या दिवशी वेदीवरून मी ‘आज मैदानात धावणाऱ्या सर्व मुलांसाठी’ एवढेच वाचले आणि स्वतःची सुटका करून घेतली. प्रश्न मात्र सुटला नाही. एका आईचे मागणे पूर्ण करायचे म्हणजे दुसरीचे नाकारायचे. मग आपले मूल पहिले यावे अशी प्रार्थना करणे म्हणजे शेजारणीचे मूल मागे पडावे अशी प्रार्थना करणे नव्हे काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी या बाबतीत एक सोपी कसोटी दिली आहे. जे इच्छिणे योग्य आहे, ते देवाजवळ मागणेही योग्य आहे. म्हणजे प्रश्न प्रार्थनेचा उरत नाही, इच्छेचा होतो. दुसऱ्याच्या पुढे जावे ही इच्छा ख्रिस्ती माणसाला शोभते का?

शर्यतीचा आनंद माणसाच्या रक्तातच आहे. दोन लहान मुलांना मोकळे अंगण द्या, ती काही सांगावे न लागता धावत सुटतात. पोत्यात पाय घालून, चमच्यात लिंबू ठेवून, तीन पायांनी, अशा आपल्या गावच्या शर्यती आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हजारो माणसे पहाटे उठून धावतात आणि त्यांतील बहुतेकांना आपण जिंकणार नाही हे पक्के ठाऊक असते. सायकल, मोटारसायकल, मोटार, जिथे चाक आले तिथे शर्यत आली. ख्रिस्तसभेनेही या आनंदाला जागा दिली आहे. संत थॉमस खेळकरपणाला सद्गुणांत जागा देतात आणि जो कधीच खेळत-हसत नाही, त्याला दोष लावतात. पोप पायस बारावे यांनी तर १९४९ साली इटलीतील गिसाल्लोच्या पवित्र मातेला सायकलपटूंची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. आजही त्या छोट्या चर्चमध्ये नामवंत विजेत्यांच्या सायकली ठेवलेल्या आहेत.

पण हा आनंद नेमका कशाचा? दुसऱ्याच्या पराभवाचा असता, तर प्रतिस्पर्धी आलाच नाही की आपल्याला सर्वांत जास्त आनंद व्हायला हवा होता. तसे होत नाही. समोरचा आजारी पडला म्हणून मिळालेले बक्षीस फिके लागते. चांगल्या धावपटूला चांगलाच प्रतिस्पर्धी हवा असतो, कारण त्याच्यामुळेच आपल्या पायांत किती बळ आहे हे त्याला कळते.

आपली भाषा येथे मदतीला येते. ‘शर्यत’ आणि ‘शर्त’ हे एकाच कुळातले शब्द. शर्त म्हणजे अट. एकाच रेषेवरून, एकाच इशाऱ्यावर, एकाच टोकापर्यंत धावायचे, ही अट सर्वांनी मान्य केली की मगच शर्यत होते. म्हणजे चढाओढीच्या मुळाशी एक करार असतो. लॅटिनमध्ये स्पर्धेसाठी जो शब्द रूढ झाला, त्याचे मूळ ‘कॉम्पेतेरे’ असे आहे. ‘कॉम’ म्हणजे बरोबर, ‘पेतेरे’ म्हणजे शोधणे किंवा मागणे. सेमिनरीत हा शब्द पाठ करताना मला त्याचे विशेष काही वाटले नव्हते. हेतूंची वही समोर असताना तो आठवला. बरोबरीने मागणे! त्या दोन आया नेमके तेच तर करत होत्या.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याने अट मान्य केलेली नाही, त्याला शर्यतीत ओढणे हा अन्याय आहे. बैलगाडा शर्यतींचा वाद आपल्याला माहीत आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा वाट मिळाली ती सशर्त, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शेतकऱ्याचे बैलावरचे प्रेम मी नाकारत नाही. पण बैलाने कोणतीही अट मान्य केलेली नसते. म्हणून त्याच्या वाट्याच्या दयेची सगळी जबाबदारी मालकावर येते.

तीच गोष्ट रस्त्याची. माझ्या तरुण मित्रांनो, हे मी तुमच्यासाठी लिहीत आहे. बंदिस्त ट्रॅकवर मोटारसायकल पळवणाऱ्या सर्वांनी धोका ओळखून पत्करलेला असतो. रात्री हायवेवर तुम्ही दोघे मित्र पैज लावता, तेव्हा बाजार आटोपून घरी निघालेल्या भाजीवालीने, रस्ता ओलांडणाऱ्या कामगाराने आणि दाराशी जागत बसलेल्या तुमच्या आईने ती अट मान्य केलेली नसते. माझ्या सेवाकाळात मी अशा दोन मुलांचे दफनविधी केले आहेत. दोघांपैकी एकाच्याही आईला सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. पुस्तकातले सगळे तत्त्वज्ञान त्या अंगणात मुके झाले.

आता इच्छेकडे पुन्हा वळू. मराठीत ईर्षा आणि मत्सर असे दोन शब्द आहेत. एखादा ईर्षेने धावला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात कौतुक असते. मत्सराने धावला असे कोणी कौतुकाने म्हणत नाही. दुसऱ्याजवळ जे चांगले आहे ते माझ्याजवळ नाही याची खंत म्हणजे ईर्षा, आणि ते त्याच्याजवळ आहे याचेच दुःख म्हणजे मत्सर. ॲरिस्टॉटलने हा भेद केला आणि संत थॉमसने तो पुढे नेला. ईर्षा मला अधिक सराव करायला लावते. मत्सर मात्र दुसऱ्याचा पाय मोडण्याची वाट पाहतो.

संत ऑगस्टीन यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. सत्ता वाटली की कमी होते, पण चांगुलपणा वाटल्याने कमी होत नाही. शर्यतीतही या दोन्ही तऱ्हा असतात. पहिले बक्षीस एकच असते, ते वाटता येत नाही. पण पहाटे उठण्याची सवय, धाप लागली तरी न थांबण्याचा निर्धार, हार पचवण्याची ताकद, ही कमाई सर्वांना मिळते आणि एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याची घटत नाही. संत पौल करिंथ येथे सुमारे दीड वर्ष राहिले. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत आणि विजेत्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट चढवीत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल त्याच सामन्यांचा दाखला देतात. चार दिवसांत सुकणाऱ्या मुकुटासाठी खेळाडू एवढा संयम पाळतो, मग न सुकणाऱ्या मुकुटासाठी आपण काय करायला हवे, असा त्यांचा रोख आहे. तो मुकुट मात्र एकालाच मिळतो असे नाही.

तर पहिले यावेसे वाटण्यात पाप नाही. धोका आहे तो वेगळ्याच जागी, तो म्हणजे वेगाने डोळे अरुंद होतात.

२९ जुलै १९७३ रोजी हॉलंडमधील झांडवूर्ट येथे मोटारींची ग्रां प्री शर्यत चालू होती. रॉजर विल्यमसन या पंचवीस वर्षांच्या इंग्रज चालकाची गाडी उलटली आणि पेटली. तो आत अडकला होता, जिवंत होता. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्ली या चालकाने आपली गाडी थांबवली, धावत ट्रॅक ओलांडला आणि एकट्याने ती जळती गाडी सरळ करण्याची धडपड सुरू केली. तिथल्या कर्मचाऱ्यांजवळ आगीत शिरण्याजोगा पोशाख नव्हता. शर्यत थांबवली गेली नाही. बाकीच्या गाड्या फेरीमागून फेरी घेत तेथून जात राहिल्या. विल्यमसन वाचला नाही. पर्लीला पुढे शौर्याबद्दल ब्रिटनचे जॉर्ज पदक मिळाले.

बाकीचे चालक दुष्ट होते का? मुळीच नाही. जळत्या गाडीजवळ हातवारे करणारा माणूस त्याच गाडीचा चालक आहे आणि तो सुखरूप बाहेर पडला आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी पाहिले, पण त्या वेगात त्यांना नीट दिसले नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना त्यांनी एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवले. काहींच्या भाषणाचा विषय तर चांगल्या शोमरोनीचा दाखला हाच होता! वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवला होता. ज्यांना घाई नव्हती, त्यांतील ६३ टक्के विद्यार्थी त्याच्यासाठी थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते, त्यांतील केवळ १० टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता, याने फारसा फरक पडला नाही.

हे वाचून मी हसू शकलो नाही. एका रविवारी पहिला मिस्सा आटोपून दुसऱ्या गावच्या मिस्साला मी घाईने निघालो होतो. फाटकाशी एक वृद्ध गृहस्थ हात वर करून उभे होते. ‘नंतर या’ असे म्हणून मी मोटारसायकलला किक मारली. ते नंतर आले नाहीत. त्यांना काय सांगायचे होते, ते मला कधीच कळले नाही. त्या दिवशी माझी शर्यत घड्याळाशी होती आणि मी वेळेवर पोहोचलो होतो.

म्हणजे पुढे धावताना डोळे उघडे ठेवता येतात का, ही खरी परीक्षा. ती पास होणारे आहेत. २ डिसेंबर २०१२ रोजी स्पेनमधील बुर्लादा येथे एका शर्यतीत केनियाचा आबेल मुताई सर्वांच्या पुढे होता. त्याच वर्षी त्याने लंडन ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचे कांस्यपदक मिळवले होते. शेवटची रेषा ओलांडली असे समजून तो काही मीटर अलीकडेच थांबला. मागून येणाऱ्या इव्हान फर्नांडिस आनाया याला सहज पुढे जाता आले असते. तो गेला नाही. खाणाखुणा करून त्याने मुताईला रेषा दाखवली आणि स्वतः दुसरा आला. आनायाचा प्रशिक्षक स्वतः जागतिक मॅरेथॉन विजेता. आपण असे केले नसते, असे त्याने प्रांजळपणे सांगून टाकले. त्याचा प्रांजळपणाही मला आवडला, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर तेच असेल.

बंधू-भगिनींनो, शुभवर्तमानातही एक शर्यत आहे. योहानच्या विसाव्या अध्यायात, पुनरुत्थानाच्या सकाळी, पेत्र आणि येशूचा लाडका शिष्य कबरेकडे धावत सुटतात. लाडका शिष्य वेगात पेत्राला मागे टाकतो आणि आधी पोहोचतो. शुभवर्तमानकाराने ही गोष्ट आवर्जून नोंदवली आहे, लपवलेली नाही. पण पहिला आलेला तो शिष्य आत शिरत नाही. ओणवून पाहतो आणि दाराशी थांबतो. मागून धापा टाकीत पेत्र येतो, तोच पेत्र ज्याने तीन वेळा येशूला नाकारले होते, आणि तो आधी आत जातो. मग हा आत जातो, पाहतो आणि विश्वास ठेवतो. त्याने आपला वेग पेत्रासाठी आवरला नाही, पूर्ण ताकदीने धावला. पण जिंकल्यावर मागच्याची वाट पाहिली. ख्रिस्ती माणसाने शर्यत कशी धावावी, याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

आपल्या मैदानावरच्या त्या शर्यतीचा निकालही सांगून टाकतो. वहीत नाव असलेल्या दोन्ही मुलींपैकी एक दुसरी आली, एक चौथी. पहिली आली ती तिसरीच. तिच्या आईने कोणताही हेतू दिलेला नव्हता, बहुधा ती माउली त्या संध्याकाळीही कामावर असावी. देवाने यातून काय सुचवले, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मुलगी चांगली धावली, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा हेतू द्या. आपल्या लेकरासाठी मागताना संकोच करू नका, फक्त त्याच्या शेजारच्या पट्ट्यात धावणाऱ्या मुलाचे नावही एकदा मनात घ्या. शर्यत संपल्यावर लगेच उठू नका. शेवटचे मूल रेषेवर येईपर्यंत थांबा आणि त्याच्यासाठीही टाळ्या वाजवा. आणि रात्री गाडी काढणाऱ्या मुलांनो, हेल्मेट घाला, हळू या. घरी तुमची कोणी वेळ मोजत नाही, फक्त वाट पाहत असतात.

प्रभू येशू आपल्या पायांना बळ देवो आणि आपले डोळे उघडे ठेवो.

तुमचा,
धर्मगुरू