चिनी मातीचे दोन कुत्रे

आमच्या घरात चिनी मातीचे दोन कुत्रे होते. मुसलमानाच्या घरात कुत्रे, आणि तेही मूर्तीच्या रूपात. म्हणजे दुहेरी अडचण. माझे नाना आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून होते. १९४७ मध्ये जंगल खात्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने घरचे सामान विकून टाकले. नानांनी त्यातून ही जोडी घेतली. का घेतली, ते त्यांनी कधी सांगितले नाही. अम्मीच्या निकाहनंतर जोडी चंद्रपूरला आमच्याकडे आली आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसली.

पांढरे अंग, विटकरी ठिपके, गळ्यात सोनेरी साखळी आणि चेहऱ्यावर माणसासारखा किंचित त्रासलेला भाव. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात एकोणिसाव्या शतकात असे कुत्रे मोठ्या संख्येने घडवले गेले. साध्या कामगारांच्या घरातही शेकोटीवरच्या फळीवर ते जोडीने बसत, समोरासमोर तोंड करून. फळी भिंतीला लागून असायची, म्हणून कारागीर पाठ सपाट ठेवत आणि तिच्यावर रंग खर्च करत नसत. अम्मीने या सपाट पाठीचा वेगळाच उपयोग शोधला. नमाजच्या आधी ती दोघांना भिंतीकडे वळवी. "लो, अब इनको मुंह ही नहीं," असे म्हणून जानमाज अंथरी. सलाम फेरला की पुन्हा त्यांना सरळ करी.

बी.एड.साठी नागपूरला होते तेव्हा मलाही असल्या वस्तूंचा नाद लागला. जुना बाजार, भंगारवाल्यांची दुकाने धुंडाळू लागले. वस्तू उलटी करून पाहायला शिकले. जुन्या घडणीच्या बाहुलीला हवा जाण्यापुरते बारीक छिद्र असते. नंतरच्या, पातळ माती साच्यात ओतून केलेल्या बाहुलीच्या तळाला मोठे भोक असते. जुने सोने मऊ, मंद दिसते; नंतरचे आरशासारखे चमकते. झिलईवरच्या बारीक भेगांनाही वयाची खूण मानू लागले. बघता बघता कपाटाचे तीन खण भरले.

अशा नादाला आमच्याकडे परंपरा नाही असे कुणी समजू नये. चंद्रपूरच्या माणसाला हैदराबाद मुंबईपेक्षा जवळचे. तिथे तिसरे सालारजंग, नवाब मीर यूसुफ अली खान (१८८९–१९४९) यांनी युरोपातल्या चिनी मातीच्या बाहुल्यांपासून चीन-जपानच्या फुलदाण्यांपर्यंत सारे जमवले. ते अविवाहित होते. त्यांच्या मागे, १६ डिसेंबर १९५१ रोजी, तो संग्रह लोकांसाठी खुला झाला. आज बुरखा घेतलेल्या बायका मुलांना कडेवर घेऊन त्या बाहुल्या पाहतात. त्यांच्या ईमानला त्यामुळे धक्का लागल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

तरीही प्रश्न उरतोच. सजीवाची प्रतिमा घरात ठेवावी का? हदीसमध्ये मनाई आहे. पण हजरत आयशा (र.) यांच्या खेळातल्या बाहुल्या आणि पंखांचा घोडा हेही हदीसमध्येच आहेत. चित्राचा पडदा फाडून त्याच्या उशा केल्याची हकीकतही तिथलीच. मूर्तीचे डोके काढले की ती झाडासारखी होते, मग हरकत नाही, असेही सांगितले आहे. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि ते मिटवण्याचा अधिकार माझा नाही. मी माझ्यापुरते एवढेच म्हणत असे की, मी काही यांच्यापुढे झुकत नाही.

मग एके दिवशी कपाट पुसताना कामाच्या मावशींच्या हातून एक कुत्रा पडला. बरोबर मानेत तुटला.

मी ओरडले नाही. शिकलेली माणसे ओरडत नाहीत. मी फक्त जोडीची किंमत सांगितली. एकट्या कुत्र्याला जोडीच्या निम्मीसुद्धा किंमत येत नाही, हेही समजावून सांगितले, वर्गात गणित समजावते तसे. महिनाअखेरीस मावशीच म्हणाल्या, "पगारातून कापा." मी पाचशे रुपये कापले. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

मान तुटली तेव्हा तो कुत्रा शरियतच्या हिशेबाने मूर्ती राहिला नव्हता. आणि नेमके त्याच वेळी मी त्याच्यापुढे एका जिवंत बाईचे मन बळी दिले. अम्मी ज्यांचे तोंड रोज पाच वेळा फिरवत होती, त्यांच्याकडे माझे तोंड कायमचे वळलेले होते.

पुढे वर्गात मुलांना बुखारी शरीफमधली एक हकीकत सांगत होते. पैगंबर (स.) एका पत्नीच्या घरी असताना दुसऱ्या पत्नीने खादिमाकडून भांड्यात खाणे पाठवले. घरच्या पत्नीने मत्सराने खादिमाच्या हातावर फटका मारला. भांडे पडून फुटले. पैगंबरांनी स्वतः तुकडे गोळा केले, सांडलेले खाणे गोळा केले. मग त्या घरातले चांगले भांडे जिचे फुटले तिला पाठवले आणि फुटके जिने फोडले तिच्या घरी ठेवले. मी न्यायाचा मुद्दा मांडत होते. सहावीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, ज्याच्या हातातून पडलं त्याला काय बोलले?"

त्याला कुणी काहीच बोलले नव्हते. भरपाई झाली, ती ज्या हाताने मुद्दाम फटका मारला त्याच्याकडून. जो दुसऱ्याचे काम करत होता त्याच्याकडून नाही. ही हकीकत मी कित्येकदा शिकवली होती, पण तो खादिम मला कधी दिसलाच नव्हता.

नागपूरच्या वाटेवर भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये ग्रामोदय संघ उभा केला. आमच्याकडच्या मातीचे काम तिथे चालत आले आहे. कच्चे भांडे मोडले तर पाण्यात भिजवून पुन्हा माती करता येते. एकदा भट्टीतून निघाले की ते पुन्हा माती होत नाही. कुराणाने माणसालाही खणखणणाऱ्या सुक्या मातीचा म्हटले आहे. दुखावलेल्या माणसाचे काय होते, हे मला मावशींकडे जाऊन कळले. मी पाचशे रुपये परत दिले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पैसे घेतो मी मॅडम. पण तुमच्या घरी आता हात थरथरते माहे."

वस्तू जपण्यात वाईट काही नाही असे मला आजही वाटते. पण संग्रह करणाऱ्याने वस्तू विकत घेण्याआधीच स्वतःला विचारावे: ही फुटली तर मी कोणावर रागावेन? उत्तरात एखाद्या माणसाचा चेहरा आला, तर ती वस्तू दुकानातच राहू द्यावी.

तुटलेला कुत्रा मी चिकटवला आहे. मानेभोवतीची रेघ दिसते. अम्मी नमाजआधी अजून दोघांना भिंतीकडे वळवते. पूर्वी मला हसू यायचे. आता तिच्या आधी मीच उठून ते काम करते.