नाव सुचवतो कोण?

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पालक सभा भरली, की शाळा व्यवस्थापन समितीची निवड सहसा बिनविरोध उरकते. एक जण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, रजिस्टरवर सह्या आणि अंगठे होतात. मत मागायची वेळच येत नाही. नाव उच्चारले गेले, की निवड झालीच म्हणायची.

शाळेचा कारभार कोणी पाहायचा, हा वाद शंभर वर्षे जुना आहे. 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा सरकारी खात्याकडून स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आल्या. स्वराज्याच्या दिशेने टाकलेले पाऊल म्हणून त्याचे कौतुक झाले. पण बोर्डावर माणसे पाठवणार लोकल बोर्ड, आणि लोकल बोर्डाचा मतदार कोण, तर सारा भरणारा किंवा मालमत्ता असणारा. ज्यांच्या मुलांना वर्गाबाहेर बसवले जाई, त्यांचे नाव तिथे घेणार कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे नेमके दिसले. 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी शाळा स्कूल बोर्डांच्या हाती देणे थांबवा, अशीच मागणी केली. याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात आणि आजच्या रायगडमध्ये, महाडला, आदल्या वर्षी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक सवर्णांची सत्ता, हा अनुभव ताजा होता.

1947 च्या कायद्यानंतरही जिल्हा शाळा मंडळे राहिली. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि कारभार शिक्षण समितीकडे गेला. समितीवर निवडून आलेले सदस्य, म्हणजे नाव आता पक्षाच्या तिकिटावरून ठरू लागले. त्या समितीत पालकाला पालक म्हणून जागा नव्हती.

शाळेच्या कारभारात ती जागा दिली 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने. कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित गटांना प्रमाणात जागा. तरतूद उत्तमच. तरी नावे सुचवण्याची रीत जुनीच राहिली.

या भागातली कातकरी कुटुंबेच पाहा. ती मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सभा पावसाळ्यात घेतली तर लावणीची मजुरी बुडते. हिवाळ्यात घेतली तर आईबाप गावातच नसतात. मुख्याध्यापकाचीही अडचण खोटी नाही. बँकेचे खाते त्याच्या आणि अध्यक्षाच्या संयुक्त सहीने चालते, त्यामुळे सहीला हाकेसरशी येणारा माणूस त्याला हवा असतो. असा माणूस बहुधा मोठ्या गावातला, रस्त्यालगतचा असतो. कातकरवाडीतल्या आईचे नाव आरक्षण भरण्यापुरते लिहिले जाते.

यावर एक जुना तोडगा परदेशात सापडतो. इंग्लंडमध्ये 1870 साली स्कूल बोर्डे सुरू झाली तेव्हा एक गमतीची पद्धत वापरली गेली. जितक्या जागा, तितकी मते. आणि मतदाराला वाटले तर ती सगळी एकाच उमेदवाराला. छोट्या गटांनाही आपला माणूस पाठवता यावा, हा हेतू. स्त्रियांना संसदेसाठी मत देता येत नव्हते त्या काळात एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस लंडनच्या पहिल्या बोर्डावर निवडून आल्या. गॅरेट यांना तर मॅरिलबोनमध्ये सर्वाधिक मते पडली.

हीच मतपद्धत इथे आणायचा हट्ट नको. पालक सभेसारख्या लहान सभेत एवढा हिशेब कशाला? त्यामागचा विचार मात्र उचलण्याजोगा आहे. नावे शाळेच्या व्हरांड्यात सुचवण्याऐवजी आधी प्रत्येक वाडीत, संध्याकाळी, माणसे कामावरून परतल्यावर मागवावीत. वाडीने आपले नाव ठरवावे, पालक सभेने त्याला मान्यता द्यावी. भट्टीवर जाणाऱ्या सदस्याच्या जागी त्याच वाडीतला पर्यायी सदस्य असावा. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. पुढच्या निवडीआधी रायगड जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने कर्जत आणि खालापूरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना एवढे एक परिपत्रक धाडावे.