विषादग्रस्ताचे सारथ्य

महाभारताच्या कर्णपर्वात एक प्रसंग आहे. गीतेच्या अभ्यासकांचेही लक्ष त्याकडे क्वचितच जाते. ज्येष्ठ बंधू धर्मराजांस कठोर शब्द बोलून झाल्यावर पश्चात्तापाने होरपळलेल्या अर्जुनाने पुन्हा तलवार उपसली. श्रीकृष्णांनी ते पाहिले आणि ती कशासाठी बाहेर काढली, हे त्यास सरळ विचारले. अर्जुनाने खरे ते सांगितले. ज्या देहाकडून अपराध घडला, तो देहच त्यास नष्ट करावयाचा होता. भगवंतांनी त्या विचारातील दोष दाखविला खरा. परंतु तेवढ्यावर त्यास सोडून दिले नाही. प्राण न जाता मनावरील भार उतरावा, असा मार्ग त्यांनी तत्काळ त्याच्या हाती दिला.

येथे ध्यानी घेण्यासारखे हे की, भगवंतांनी विचारण्यास संकोच केला नाही. आपण विचारले तर नसलेला विचार त्याच्या मनात येईल, अशी भीती अनेक घरांत असते. ती निराधार आहे. आजचे मानसवैद्यकही हेच सांगते की, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, असे मायेने व स्पष्ट विचारल्याने धोका वाढत नाही. उलट कोंडलेल्यास बोलण्यास वाट मिळते.

गीतेतही हाच क्रम आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन आपली गलितगात्र अवस्था सांगतो : अंगाला कंप सुटला आहे, तोंड कोरडे पडले आहे, त्वचेचा दाह होत आहे, मन भ्रमते आहे. भगवंत ते सर्व ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत ते त्याच्या पौरुषास डिवचतात, पण तेवढ्याने अर्जुन उठत नाही. खरा उपदेश अकराव्या श्लोकापासून सुरू होतो, आणि तोही अर्जुनाने शरण येऊन मार्ग विचारल्यानंतर. खचलेल्या माणसास सहाव्या अध्यायातील आत्मोद्धाराचा श्लोक म्हणून दाखविण्याची घाई करणाऱ्यांनी हा क्रम विसरू नये. बुडणाऱ्यास पोहण्याचे शास्त्र सांगून भागत नाही.

अर्जुनास सारथी लाभला होता. सामान्य गृहस्थाचे काय होते, हे कावेरीतीरीच्या कुंभकोणम नगरीतील एका थोर पुरुषाच्या चरित्रात दिसते. एकेकाळी तंजावरच्या भोसले राजांच्या अमलाखाली असलेल्या या क्षेत्री सारंगपाणींचे मंदिर आहे. तेथील भगवान शेषशय्येवर पूर्ण पहुडलेले नाहीत. भक्ताच्या विनवणीवरून उठू लागले, अशा अर्धोत्थित स्थितीत आहेत. त्याच मंदिराच्या सन्निधी मार्गावरील लहानशा घरात गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन वाढले. ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे.

1914 मध्ये रामानुजन केंब्रिजला गेले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. शाकाहाराचे व्रत, हाताने रांधलेले अन्न, परकी थंडी, आणि 1917 पासून जडलेला दीर्घ आजार. त्यात घरी सासूसुनेचा बेबनाव. पत्नी जानकी व रामानुजन यांची पत्रे परस्परांस पोहोचत नसत. घरातील मोठ्या माणसांनी येथे थोडे थांबावे. अडविलेल्या एका पत्राचे ओझे सहस्र कोसांवरील एकाकी जिवास किती होते, याची कल्पना अडविणाऱ्यास नसते.

1918 च्या प्रारंभी लंडनमध्ये त्यांनी जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. एका रेल्वे कर्मचाऱ्याचे वेळीच लक्ष गेले व प्राण वाचले. इंग्लंडमध्ये त्या काळी हा दंडनीय अपराध असल्याने पोलिसांनी त्यांना पकडले. प्राध्यापक हार्डी धावून गेले आणि हे रॉयल सोसायटीचे सदस्य आहेत, असे त्यांनी अधिकाऱ्यांस सांगितले. ते तेव्हा खरे नव्हते. त्या सदस्यत्वासाठी त्यांची निवड पुढे मे महिन्यात झाली. ही हकीकत हार्डींकडून ऐकलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी जगापुढे ठेवली. कर्णपर्वातच भगवंतांनी सांगितलेली कौशिकाची कथा ज्यांना ठाऊक आहे, ते हार्डींच्या त्या असत्यास दोष देणार नाहीत.

1919 मध्ये रामानुजन मायदेशी परतले, कुंभकोणमलाही राहिले आणि 26 एप्रिल 1920 रोजी मद्रासमध्ये आजाराने निवर्तले. शेवटच्या वर्षात त्यांनी लिहिलेले गणित अद्याप विद्वानांस पुरून उरले आहे. तथापि ते गणिती नसते, कुंभकोणमच्या एखाद्या पेढीवरचे कारकून असते, तरी त्या जिवाचे मोल तिळमात्र कमी नव्हते.

त्यांची शरीरचिकित्सा अनेक वैद्यांनी केली. मनाची चिकित्सा आज मिळते तशी तेव्हा नव्हती. आज ती असूनही घरे तिच्याकडे पाठ फिरवितात, कारण लोक काय म्हणतील! कुंभकोणमजवळच तिरुविदैमरुदूर येथे महालिंगस्वामींच्या चरणी मनोव्याधीने पीडितांना आणण्याची जुनी रीत आहे. त्या श्रद्धेस बाध आणण्याचे कारण नाही. मात्र ज्वर आल्यास अंगारा लावून औषधही देणारा गृहस्थ मनाच्या आजारात केवळ अंगाऱ्यावर थांबतो, ही विसंगती होय. राजदंडाचे भयही आता धरू नये. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता, असेच गृहीत धरले जाते आणि त्याच्या उपचाराचे दायित्व शासनावर आहे.

जो निरवानिरव करू लागतो, आवडत्या वस्तू वाटून टाकतो, आपण घरास भार झालो असे वारंवार बोलतो, त्यास एकटे ठेवू नये. विषारी औषधे, कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. "डॉक्टरांकडे जा" एवढे सांगून मोकळे होऊ नये. त्याच्यासह स्वतः जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे, तेथे शेजारी बसावे, पुढील तारखेसही सोबत जावे. ज्यास उठून पाणी पिणे जड झाले आहे, तो एकटा रांगेत उभा राहील ही अपेक्षाच चूक. तातडीच्या वेळी केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेल्या या सेवेत मराठीतही बोलता येते. दूरध्वनी रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. आई, पती, सून, शेजारी, कोणीही तो करू शकतो.