प्रीतीचा जमाखर्च

तुमसर तालुक्यांतील सिहोरा या गांवीं आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त राहतो. गेल्या फेब्रुवारींत आम्ही उभयतां त्याच्याकडे दोन दिवस पाहुणे होतों. भोंवतालच्या बांध्यांत उन्हाळी धानाची रोवणी चालली होती आणि बायका सकाळपासून चिखलांत वाकून रोपें लावीत होत्या. संध्याकाळीं अंगणांत बसलों असतां तो जरा संकोचून म्हणाला, "सर, चौदा तारीख जवळ आली. लग्नानंतरची पहिलीच. भंडाऱ्यास जाऊन जेवावें, एखादी भेटवस्तु घ्यावी, तर पगाराला मोठें भगदाड पडतें. घरींच कांहीं साधें, पण मनापासून करावेंसें वाटतें. काय करावें?"

व्याख्यानाची संधि सहसा सोडूं नये, ही आमच्या धंद्याची खोड. आम्हीं त्यास सांगितलें कीं, चौदाव्या शतकांत चॉसर या इंग्रज कवीनें पांखरांच्या संमेलनावर काव्य रचलें, त्यांत सेंट व्हॅलेंटाईनचा दिवस हा पांखरांनीं जोडीदार निवडण्याचा दिवस आहे. आणि पांखरांस बाजार ठाऊक नसतो. पुढें १८४० सालीं इंग्लंडांत एका पेनींत पत्र देशभर कोठेंहि जाऊं लागलें, तेव्हां या दिवशींच्या प्रेमपत्रांस ऊत आला. म्हणजे उत्सव पसरला तो स्वस्ताईच्या बळावर. आपल्याकडे त्याचा गाजावाजा झाला तो १९९१ नंतर, बाजार खुला झाल्यावर. सबब खर्च हा या दिवसाचा मूळ धर्म नव्हे. घरींच गोडधोड करावें, निरांजन लावावें, दोघांनीं निवांत बसावें.

आमच्या सौभाग्यवती शेजारीं तांदूळ निवडीत होत्या. सुपावरची नजर न काढतां त्या म्हणाल्या, "अहो, सगळें छान सांगितलेंत, पण तें गोडधोड करणार कोण?"

आम्हांजवळ उत्तर नव्हतें. हा निबंध त्या प्रश्नापोटीं लिहिला आहे.

जें आपलें आहे तें दुसऱ्यास देणें, याचें नांव भेट. संसारांत पैसा बहुधा दोघांचा असतो. घरच्या पेटींतून चार नोटा काढून घरच्याच माणसास वस्तु आणून देणें म्हणजे एका खिशांतलें दुसऱ्या खिशांत घालणें होय. त्यांत आनंद नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं; मोगऱ्याच्या गजऱ्यानें उजळलेला चेहरा आम्हींहि पाहिला आहे. तथापि ज्यास खास स्वतःचें म्हणतां येईल असें धन नवऱ्याजवळ एकच उरतें: वेळ आणि अंगमेहनत. बायकोचें तेंच धन मात्र रोज, कोणीं न मागतां, खर्ची पडत असतें. मग ज्याला आपण घरगुती समारंभ म्हणतों तो स्वस्त कां असतो? हॉटेलांतील आचाऱ्याची मजुरी बिलांत धरलेली असते; घरच्या अन्नपूर्णेची कोठेंच धरलेली नसते. आम्हीं आमच्या लग्नाचे वाढदिवस पंचवीस वर्षें घरींच साजरे केले आणि त्या साधेपणाचा अभिमान बाळगला. त्या दिवशीं पुरण कोणीं वाटलें आणि रात्रीं भांडीं कोणीं घांसलीं, हें आम्हांस सिहोऱ्याच्या त्या अंगणांत प्रथम आठवलें.

यावर कोणी म्हणेल, प्रेमांत हिशेब कसला? आक्षेप उदात्त आहे. परंतु हिशेब नको असें नेहमीं कोण म्हणतो, तें पाहावें. ज्याच्याकडे देणें निघत असतें, तोच बहुधा वही मिटावयास उत्सुक असतो. प्रेमानें केलेल्या श्रमाची किंमत करूं नये, हें खरें. पण किंमत न करणें निराळें आणि दखलच न घेणें निराळें. एखादीला त्या दिवशीं स्वतः रांधण्यांतच आनंद वाटेल. तिनें अवश्य रांधावें. मात्र तिला तसें विचारलेलें असावें. विचारणें हीच खरोखर पहिली भेट होय.

आमगांवजवळचें पदमपूर, जें पूर्वी या भंडारा जिल्ह्यांत होतें व १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत आहे, तेंच भवभूतीचें पद्मपूर असें कित्येक संशोधक मानतात. म्हणजे दांपत्यप्रेमाचा हा थोर कवि जवळजवळ याच मुलखांतला. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत रामाचा राज्याभिषेक झालेला आहे, वैभव दारीं उभें आहे. परंतु राम आणि सीता रमतात तीं वनवासाचीं चित्रें पाहण्यांत. ज्या दिवसांत एकमेकांस देण्याजोगें जवळ कांहींच नव्हतें, तेच दिवस त्यांस पुन्हां हवेसे वाटतात. थकलेली सीता रामाच्या बाहूवर डोकें ठेवून झोपीं जाते. कवडीचाहि खर्च नसलेला इतका सुंदर घरगुती प्रसंग आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं.

पण कवि तेथें थांबत नाहीं. सीता झोपेंत असतांनाच लोकापवादाची वार्ता येते आणि तोच राम तिचा त्याग करण्याचें ठरवितो. तिला मात्र विचारीत नाहीं. त्या बाहूचें प्रेम खोटें नव्हतें. खरें प्रेमहि घटकाभरानें अपुरें पडूं शकतें, हें त्या अंकाचें दुःख आहे. म्हणून सणाची परीक्षा सणाच्या दिवशीं होत नाहीं. ती दुसऱ्या दिवशीं होते.

त्या तरुणास आम्हीं शेवटीं एवढेंच सांगितलें कीं, आधीं तिला विचार. मग चिन्नोरचा भात, वरण, एक भाजी तूंच कर. मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेव. लग्नाचे फोटो काढून दोघें पाहा. आणि भांडीं सकाळवर ठेवूं नकोस. दारांतून त्याची पत्नी हंसून म्हणाली, "भात मी शिकवीन, सर, भांडीं मात्र यांच्याकडे."

चौदा तारखेस आम्ही आपल्या घरीं होतों. बाह्या सारून शेगडीपाशीं उभे राहिलों. भात गिजगिजीत झाला. सौभाग्यवतींनीं तो निमूटपणें, आणि आम्हांस वाटतें आनंदानें, संपविला. मग ताट सरकवून त्या म्हणाल्या, "छान झालें. आतां उद्याचें काय?"

याहि प्रश्नास व्याख्यानानें उत्तर देतां येईना. तें पंधरा तारखेस सकाळीं चहाचें आधण ठेवूनच द्यावें लागलें.