पाऊस उघडल्यावर

मृग लागला की भंडारा जिल्ह्यात सगळ्यांची नजर आभाळाकडे असते. लाखनी-साकोलीकडे बांध्या नांगरून झालेल्या असतात. पऱ्ह्यांसाठी धानाचं बियाणं घरात तयार असतं. तरीही जाणता शेतकरी पहिल्या शिडकाव्याला भुलत नाही. या दिवसांत पायरीखालच्या फटीतही कोणीतरी वाट पाहत असतं. मुंग्यांच्या बिळात पंख फुटलेल्या राण्या आणि नर तयार होऊन बसलेले असतात. उडायचा दिवस तेवढा यायचा असतो.

तो कधी येतो? पाऊस कोसळत असताना मुळीच नाही. जोराची सर येऊन गेली, वारा पडला, हवेत उकाडा परतला की ते बाहेर पडतात. कुणी दुपारी, कुणी दिवेलागणीला, कुणी पहाटे. प्रत्येक जातीची आपली वेळ. नवल असं की, एकाच जातीच्या आसपासच्या बिळांतून बहुधा एकाच दिवशी उड्डाण होतं. तसं झालं तरच दुसऱ्या बिळातला जोडीदार भेटणार, आणि पक्ष्यांनी-सरड्यांनी कितीही खाल्ल्या तरी काही राण्या वाचणार. ओली माती उकरायलाही सोपी. काही जातींत तर कामकरी मुंग्या दाराशी उभ्या राहतात आणि उतावळ्या पंखवाल्यांना धरून आत ओढतात. घरातल्या मोठ्या माणसांचं हे काम आपल्या ओळखीचंच आहे.

तयारी नसताना सगळेच थांबतात. तयारी झाल्यावर थांबणं अवघड. मुलाशी बोलायची गोष्ट ओठांवर आलेली असते, पण तो नुकताच दमून घरात शिरलेला असतो. साहेबांसमोर ठेवायचा अर्ज लिहून झालेला असतो, पण त्यांच्या टेबलापाशी आज दहा माणसं खोळंबलेली असतात. अशा वेळी अर्धा दिवस थांबलं म्हणून काम मागे पडत नाही. मात्र थांबताना लक्ष जागं हवं. उघडीप झाली हे कळलंच नाही, तर सगळी तयारी बिळातच राहते.

आज पाऊस उघडला तर कामावर निघताना क्षणभर खाली पाहा. पण पंख दिसले म्हणजे मुंगीच असं नाही. रात्री ट्यूबलाइटभोवती जमणारा थवा पुष्कळदा वाळवीचा असतो. तिचे चारही पंख सारखे आणि कंबर जाड. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मोठे. अंगणात एखादी मोठी, भरल्या पाठीची मुंगी पंखांशिवाय एकटीच लगबगीनं जागा शोधताना दिसली, तर ती बहुधा राणी. तिचं उड्डाण झालं, पंख तिनं स्वतःच तोडून टाकले. आता ती बीळ करून त्याचं तोंड बंद करील. पुष्कळ जातींत ती त्यानंतर कित्येक आठवडे काहीच खात नाही. उडण्याचे स्नायू शरीरातच विरघळतात आणि त्यांवर पहिली पिल्लं वाढतात. म्हणून पहिल्या कामकरी मुंग्या अंगानं अगदी लहान असतात. पण बिळाचं दार उघडून पहिला दाणा आणायला त्याच बाहेर पडतात. तेव्हा झाडू आणि मुंग्यांचा खडू आजच्या दिवस बाजूला राहू द्या.