न लिहिलेले पत्र

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. भावाने ठरविलेले स्थळ नाकारून तिने श्रीकृष्णाला पत्र धाडले, ही कथा येथे लहानथोरांच्या तोंडी आहे. दत्तक घेण्याच्या आशेने मूल पाहावयास दूरदेशी जाणाऱ्या दांपत्यांचा विचार करताना मला ते पत्र आठवते. पाळण्यातील बालकाला तसे पत्र लिहिता येत नाही.

त्याच्या वतीने एकदा ते लिहिले गेले. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी परदेशी दत्तकातील गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयास पत्र पाठविले. न्यायालयाने तेच याचिका मानले आणि १९८४ साली निर्णय दिला : आधी देशात घर शोधावे, मग परदेशात, हित पाहावे ते बालकाचे.

समुद्र ओलांडून येणाऱ्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. अपत्यहीनतेचे दुःख मी जवळून पाहिले आहे. परंतु एवढा प्रवास केला म्हणजे मुलावर आपला हक्क झाला, असे मन नकळत धरून बसते. संत योसेफानेही बाळ येशूला घेऊन परदेश गाठला. तो बालकाच्या जीवासाठी. बाळ त्याने निवडले नव्हते, ते त्याच्या स्वाधीन केले गेले होते.

मुलाच्या इच्छेचा, त्याचे वय व समज पाहून, विचार व्हावा असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. पण पाहुण्यांना पाहताच चार वर्षांच्या पोराने आयाच्या पदराआड तोंड लपविले, तर आपण हसून म्हणतो, ‘रुळेल हो!’ बहुधा रुळतेही. तरी ते लपलेले तोंड वाचण्यासाठी आणखी चार दिवस थांबायला कितीजण तयार असतात?